स्पर्शाविना उपचार : पेण-रोह्याच्या वाड्यांचा सवाल

२०२० च्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रांतून आणि वाहिन्यांवरून एका नव्या पाहुण्याचे कौतुक चालले होते. तो पाहुणा म्हणजे रोबो. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात रोबो कोरोनाच्या रुग्णांना जेवण आणि औषधे नेऊन देऊ लागला. इटलीतल्या वारेसे शहरात तो खाटेशेजारी उभा राहून यंत्रांवरचे आकडे दूर बसलेल्या डॉक्टरला दाखवू लागला. पुणे स्टेशनवर रेल्वे सुरक्षा दलाने 'कॅप्टन अर्जुन' नावाचा रोबो प्रवाशांचा ताप मोजायला उभा केला. मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाने तर 'रक्षक' नावाचा रोबोच तयार केला. डॉक्टरने दूर बसावे आणि रक्षकाने रुग्णाजवळ जाऊन ताप, नाडी व रक्तातला प्राणवायू मोजावा, अशी त्याची योजना होती.

ही मध्य रेल्वे रोह्याला संपते. रोह्यापुढे कोकण रेल्वेची हद्द लागते. मार्च २०२० मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या आणि पेण-रोह्याच्या गोरगरिबांची मुंबईच्या के.ई.एम. किंवा जे.जे. रुग्णालयात जाण्याची सर्वांत स्वस्त वाट बंद झाली. रुळाच्या एका टोकाला रोबोचे उद्घाटन आणि दुसऱ्या टोकाला दवाखान्यात जायला गाडीच नाही, असा तो काळ होता.

आता साथ ओसरून काही वर्षे झाली आहेत. पुढची साथ येईल तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्ता आणि रोबो दुर्गम भागातल्या माणसाला वाचवतील, असे परिसंवादांतून आणि सरकारी भाषणांतून मोठ्या विश्वासाने सांगितले जाते. दुर्गम भाग म्हणजे कोण? रायगड जिल्ह्यात दुर्गम भाग म्हणजे कातकऱ्याची वाडी, ठाकराची वाडी, धनगरवाडा आणि गावाच्या कडेला राहिलेली आमची बौद्धवाडी. म्हणजे हा प्रश्न आमचाच आहे. आणि ज्यांच्या नावाने योजना आखली जाते त्यांनी तिच्याविषयी बोलायचे नाही, ही जुनी रीत आम्हाला मान्य नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही यंत्राचे वैरी नाही

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. आंबेडकरी माणूस यंत्राचा वैरी कधीच नव्हता. चरख्याकडे आणि खेड्याकडे परत चला, असे जेव्हा देशाला सांगितले जात होते, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला रोखठोक विरोध केला. १९४५ साली काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा जो हिशेब त्यांनी ग्रंथरूपाने मांडला, त्यात यंत्राची बाजू घेतलेली आहे. यंत्र माणसाला ढोरमेहनतीतून सोडवते, त्याला फुरसत देते, आणि फुरसतीशिवाय माणसाला माणूस म्हणून वाढता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. दोष यंत्रात नसतो. यंत्र कोणाच्या मालकीचे आहे आणि समाजाची घडी कशी आहे, यात तो असतो, हे त्यांनी बजावले होते.

तेव्हा रोबो नको, संगणक नको, असे म्हणणारे आम्ही नव्हे. उलट सर्वांत आधी यंत्र आम्हालाच हवे आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या पाठीवर ओझी होती त्यांनी यंत्र का नाकारावे? आमचा सवाल एवढाच आहे की, हे यंत्र कोणासाठी येते, कोणाच्या जागी येते आणि आल्यावर कोणाला जबाबदार असते?

हातातून हातात गेलेले थर्मामीटर

रोबोचा मोठा गुण म्हणून सांगितले जाते की, त्यामुळे डॉक्टरला रुग्णाला हात लावावा लागत नाही. संसर्गाच्या साथीत हा गुण खराच आहे. पण हात न लावता केलेल्या तपासणीचा आमचा अनुभव फार जुना आहे, तोही वाचकांनी आठवावा.

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या टिपणांत काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीगत आहे. त्या शिक्षकाचे पत्र १९२९ च्या डिसेंबरात 'यंग इंडिया'त प्रसिद्ध झाले होते. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. हिंदू डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत यायला तयार होईना. नगरशेठने रदबदली केली, फी कबूल झाली, तेव्हा तो वस्तीच्या बाहेर येऊन उभा राहिला. दोन दिवसांच्या बाळंतिणीला बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिले, त्याने ते शिक्षकाला दिले, शिक्षकाने बायकोला लावले आणि त्याच वाटेने ते परत गेले. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनियाचे निदान केले आणि निघून गेला. ती बाई वाचली नाही.

निदान झाले होते, आकडाही नोंदला गेला होता. नव्हता तो माणसाने माणसाची घ्यायची जबाबदारी. म्हणून कोणी आम्हाला 'स्पर्शाविना उपचार' असे शब्द कौतुकाने ऐकवले की आम्ही दोनदा विचार करतो. विषाणूपासून दूर राहण्यासाठी ठेवलेले अंतर आणि माणसापासून दूर राहण्यासाठी ठेवलेले अंतर ही दोन वेगळी अंतरे आहेत. दुसरे अंतर पहिल्याचे कपडे घालून आले, तर ते ओळखण्याची नजर आमच्याकडे हवी.

ठराव झाला, पाणी मिळाले का?

हा जिल्हा पूर्वीचा कुलाबा. याच जिल्ह्यात महाडला २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. हा इतिहास प्रत्येक आंबेडकरी घराला पाठ आहे. पण त्यामागच्या ठरावातला एक शब्द आपण विसरतो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा यांबरोबर शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखानेही अस्पृश्यांना खुले असावेत, असे तो ठराव सांगत होता. दवाखाने! म्हणजे दवाखान्याचा हक्क हा तळ्याच्या हक्काचा सख्खा भाऊ आहे.

महाड नगरपालिकेनेही पुढे तळे खुले केल्याचा ठराव केला. पण कागदावर खुले झालेल्या तळ्याचे पाणी कोणाच्या घशाखाली उतरले नाही. त्यासाठी हजारोंना चालत जावे लागले आणि परतताना डोकी फोडून घ्यावी लागली. आज आरोग्याचे तेच झाले आहे. १३ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने 'ई-संजीवनी'ची घरबसल्या तपासणी सुरू केली. फोनच्या पडद्यावर डॉक्टर दिसणार, चिठ्ठी तिथेच मिळणार. फेब्रुवारी २०२३ पर्यंत या सेवेने दहा कोटी सल्ल्यांचा आकडा ओलांडला. काम मोठे आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. दवाखाना सर्वांना खुला झाला, असा हा नवा ठरावच म्हणा. प्रश्न तोच जुना आहे : ठराव झाला, पण वाडीपर्यंत पाणी आले का?

पेण आणि रोहे तालुके नकाशावर मुंबईच्या अगदी अंगाला आहेत. पण नकाशावर दिसते तेवढी ही जमीन सपाट नाही. पेणच्या पश्चिमेला खारेपाट आहे. तिथे खाडीचे खारे पाणी शेतात शिरते आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याला माणसे वणवण करतात. याच तालुक्यातल्या हेटवणे धरणाचे पाणी मात्र नळाने नवी मुंबईला जाते. साथीत सरकार सांगत होते, वीस सेकंद साबणाने हात धुवा. खारेपाटातल्या बाईने कोणत्या पाण्याने हात धुवायचे, हे कोणी सांगितले नाही. पेणच्या पूर्वेला आणि रोह्याच्या दोन्ही अंगांना डोंगर आहेत. त्या डोंगरांत वाड्या आहेत, आणि कित्येक वाड्यांवरून आजारी माणूस आजही झोळीत घालून खाली आणावा लागतो. खाली कुंडलिकेच्या काठी धाटावची औद्योगिक वसाहत आहे, रसायनांचे कारखाने आहेत, महामार्ग आहे. या महामार्गाचे रुंदीकरण २०११ च्या सुमारास सुरू झाले आणि दशक उलटून गेले तरी लोक खड्डेच मोजत राहिले.

सरकारी नियम सांगतो की, डोंगराळ आणि आदिवासी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र आणि वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. त्यावर पेणला आणि रोह्याला उपजिल्हा रुग्णालय, त्यावर अलिबागला जिल्हा रुग्णालय आणि सगळ्यांवर मुंबई, अशी ही शिडी आहे. शिडीच्या खालच्या पायऱ्या मजबूत असतील तर वरच्या पायरीवर रोबो बसवा, आमची हरकत नाही. पण खालचीच पायरी मोडकी असेल आणि तिला दुरुस्त करण्याऐवजी वरून दोर सोडला जात असेल, तर त्याला सुधारणा कसे म्हणायचे?

३ जून २०२० चा धडा

या प्रश्नाचे उत्तर निसर्गानेच एकदा दिले आहे, आणि त्या वादळाचे नावही 'निसर्ग'च होते. ३ जून २०२० रोजी दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले आणि रायगडच्या डोक्यावरून गेले. कोरोना ऐन भरात होता. टाळेबंदीने घराघरांतली कमाई बंद होती. मुंबईहून परतलेल्या चाकरमान्यांना अनेक गावे वेशीवरच अडवत होती. अशात घरांची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब जमिनीवर लोळले आणि मोबाईलचे मनोरे मुके झाले. जिल्ह्याच्या अनेक भागांत कित्येक दिवस वीज नव्हती आणि फोनही लागत नव्हता.

आता विचार करा. त्या दिवसांत एखाद्या वाडीवर कोणाला धाप लागली असेल, तर ई-संजीवनीचा डॉक्टर कोणत्या पडद्यावर दिसला असता? रोबोची बॅटरी कोणत्या बटनावर चार्ज झाली असती? ज्या संगणकावर कृत्रिम बुद्धिमत्ता चालते तो संगणक सहसा दूरच्या शहरात असतो आणि तिथपर्यंत जायला जाळे लागते. जाळे तुटले की बुद्धिमत्ताही तुटते. साथ आणि वादळ, साथ आणि महापूर एकत्र येत नाहीत, असे समजणाऱ्याने रायगड पाहिलेला नाही. दुसरी लाट नुकती ओसरत होती तोच जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेले आणि तळिये गावावर दरड कोसळली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. वाडीला गाडीरस्ताच नव्हता, म्हणून माती उपसणारी मोठी यंत्रे वर जाऊ शकली नाहीत. जवानांनी आणि गावकऱ्यांनी फावड्याने आणि हाताने माती उकरली. शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह सापडले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. देशात यंत्रांची कमतरता नव्हती. यंत्र वर नेणारी वाट नव्हती.

दगडावर येणारी रेंज

एका पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही पेणच्या डोंगरातल्या एका कातकरवाडीवर गेलो होतो. सोबत खालच्या गावातल्या आशाताई होत्या. वाडीच्या वरच्या अंगाला एक मोठा काळा दगड आहे. त्यावर उभे राहिले की फोनला रेंज येते, खाली उतरले की जाते. ताईंच्या पिशवीत ऑक्सिमीटर होता, तापमापक होते, नोंदीची वही होती. आम्ही विचारले, "ताई, आता फोनवर डॉक्टर दाखवता येतो म्हणतात, मग सोय झाली ना?" ताई हसल्या. म्हणाल्या, "होते ना दादा. पण ओल्या बाळंतिणीला त्या दगडावर कशी नेऊ?"

काठेवाडच्या त्या शिक्षकाची बायको आम्हाला तिथेच आठवली. तिलाही बाहेर आणावे लागले होते.

कोरोनाच्या काळात वाडीवर जो आरोग्य विभाग पोहोचला, तो या आशाताईंच्या पायांनी पोहोचला. १५ सप्टेंबर २०२० पासून 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत घरोघर जाऊन ताप आणि प्राणवायू मोजला तो त्यांनी. लसीची भीती घालवली ती त्यांनी. आणि १५ जून २०२१ रोजी राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशांना संपावर जावे लागले. आठवडाभराने मिळाले काय? हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपयांचा कोविड भत्ता. पुढल्या वर्षी, मे २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. गौरव जगाने केला. पण कायम नोकरी, निवृत्तिवेतन आणि कामगार म्हणून ओळख मात्र त्यांना देशाने दिली नाही. एका रोबोला तेल-पाणी आणि देखभालीचा खर्च लागतो हे सरकारला समजते. चालणाऱ्या बाईलाही पोट असते हे समजायला इतकी वर्षे का लागावीत?

मोबाईलवाल्यांचे रामराज्य

२ एप्रिल २०२० रोजी 'आरोग्य सेतू' आले. ज्याच्याकडे स्मार्टफोन त्याच्यासाठी सेतू. साध्या फोनवाल्यांसाठी १९२१ हा क्रमांक महिन्याभराने आला. आणि ज्याच्याकडे फोनच नाही तो काठावरच राहिला. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाच्या लोकांसाठी लस सुरू झाली, तेव्हा 'कोविन'वर ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. ते संकेतस्थळही तेव्हा इंग्रजीत होते. परिणाम काय झाला? शहरांतल्या चपळ बोटांनी गावाकडच्या केंद्रांवरच्या जागा काही क्षणांत पटकावल्या. लोक मोटारी काढून ग्रामीण केंद्रांवर लस घ्यायला आले, आणि त्याच गावातला शेतमजूर रांगेबाहेरून पाहत राहिला. ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेच या डिजिटल दरीवर बोट ठेवले. त्यानंतर मराठीसह इतर भाषा आल्या, थेट केंद्रावर नोंदणीही रुळली. पण पहिली संधी कोणाची गेली? जी नेहमी जाते त्यांचीच.

यात कोणी जातीचे नाव घेतले नव्हते. कोणी पाटी लावली नव्हती. नुसती एक अट होती : फोन, इंग्रजी आणि वेगवान जाळे. या तीन गोष्टी कोणाकडे आहेत आणि कोणाकडे नाहीत, हे या देशात जन्मावरून बरेचसे ठरते. मनूची स्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. पण अटींच्या रूपाने तिची राख अजून उडते, ती अशी.

यंत्र शिकते कोणाकडून?

कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे जादू नव्हे. छातीचे हजारो-लाखो एक्स-रे यंत्राला दाखवतात. हा क्षयाचा, हा निरोगी, असे डॉक्टरांनी आधी ठरवलेले असते. त्यावरून यंत्र खुणा पकडायला शिकते आणि नवा एक्स-रे आला की आजाराची शक्यता किती, हे आकड्यात सांगते. मुंबईतल्या एका कंपनीची अशी प्रणाली कोरोनाच्या साथीत मुंबई महापालिकेने वापरली. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षयाच्या चाचपणीसाठी अशा प्रणालींना मान्यता दिली, पण ती १५ वर्षे आणि त्यावरील वयासाठी. म्हणजे वाडीवरच्या खोकणाऱ्या लेकरासाठी अजून डॉक्टरच लागतो.

यंत्र शिकते ते दाखवलेल्यावरून. ज्याला कधी कोणी दाखवलेच नाही, त्याला ते ओळखणार कसे? वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर राबलेल्या कातकऱ्याची छाती, रसायनाच्या कारखान्यातल्या कंत्राटी मजुराची छाती आणि मुंबईच्या खासगी रुग्णालयातल्या माणसाची छाती एकच असते काय?

ही आमची नुसती शंका नाही. अमेरिकेत हे सिद्ध झाले आहे. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झाले. कोणत्या रुग्णाला जादा देखभाल द्यायची हे ठरवणारी एक संगणक प्रणाली तिथल्या रुग्णालयांत वापरात होती. ती कातडीचा रंग पाहत नव्हती. ती पाहत होती, या माणसाच्या उपचारावर आजवर किती खर्च झाला. काळ्या माणसांवर खर्च कमी झालेला, कारण त्यांना उपचारच कमी मिळालेले. यंत्राने अर्थ काढला, हे कमी आजारी आहेत! ही चूक दुरुस्त केली तर जादा देखभालीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत काळ्यांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असे संशोधकांना आढळले. आता हीच प्रणाली पेण-रोह्यात आणा. जो कातकरी जन्मात रुग्णालयात गेला नाही, त्याच्या नावावर खर्च शून्य. यंत्र म्हणेल, हा ठणठणीत आहे.

डिसेंबर २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'ने दुसरी गोष्ट उघड केली. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना प्रत्यक्षात रक्तातला प्राणवायू ८८ टक्क्यांखाली गेलेला आहे, असे गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के मोजण्यांत आढळले. काळ्या रुग्णांच्या ११.७ टक्के मोजण्यांत. म्हणजे जवळपास तिप्पट! हेच उपकरण आमच्या आशाताईंच्या पिशवीत होते. उन्हात मिठागरावर आणि शेतात राबून रापलेल्या आमच्या माणसांवर ते किती खरे बोलते, याची तपासणी करूनच ते वापरा, एवढे मागण्याचा आम्हाला हक्क आहे की नाही?

रोबो आधी कुठे हवा?

साथीत रोबोने रुग्णाला जेवण नेऊन दिले, याचे फोटो निघाले. पण त्याच काळात रुग्णालयातला संसर्गजन्य कचरा कोणी उचलला? संडास कोणी धुतले? प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले मृतदेह, ज्यांना सख्खे नातलगही हात लावायला धजत नव्हते, ते कोणी उचलून सरणावर ठेवले? या कामात पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या जाती ढकलल्या गेल्या हे सांगायला नको. डॉक्टरला धोक्यापासून वाचवण्यासाठी रोबो शोधला गेला, हे चांगलेच झाले. सफाई कामगाराला वाचवण्यासाठी तो तितक्याच घाईने का शोधला गेला नाही?

शोधता येतो, हेही सिद्ध झाले आहे. केरळातल्या तरुण अभियंत्यांनी 'बँडिकूट' नावाचा रोबो बनवला आणि २०१८ मध्ये तिरुवनंतपुरमला तो गटारात उतरला; माणूस वर राहिला. माणसाकडून मैला साफ करून घेण्याला बंदी घालणारे कायदे १९९३ ला झाले आणि २०१३ ला झाले. सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई २०१४ ला दहा लाख ठरवली आणि २०२३ ला तीस लाख केली. भरपाई वाढते आहे, म्हणजे माणसे अजून मरत आहेत. आमची मागणी साधी आहे. आरोग्यसेवेतला रोबो आधी गटारात, कचऱ्याच्या खोलीत आणि शवागारात उतरवा. आणि त्याच्यामुळे ज्याचे काम सुटले, त्याला रस्त्यावर न टाकता तेच यंत्र चालवायचे प्रशिक्षण आणि कायम नोकरी द्या. बाबासाहेबांना अभिप्रेत असलेली यंत्राची मुक्ती ती हीच.

मग करायचे काय?

नुसती टीका करून आम्ही थांबणार नाही. यंत्र योग्य जागी वापरले तर काय होते, याचेही दाखले आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप या आदिवासी गावी लसीच्या ३०० मात्रा ड्रोनने दहा मिनिटांच्या आत पोहोचल्या. रस्त्याने तिथे जायला त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. पेणच्या डोंगरात सर्पदंशाची लस किंवा रक्ताची पिशवी अशी आली तर कोणाला नको आहे? पण झापला ती लस टोचायला माणूस होता, म्हणून ड्रोनचे चीज झाले. ड्रोन सुई टोचत नाही.

म्हणून आमचा क्रम असा आहे. आधी वाडीचा रस्ता, उपकेंद्राला सौर वीज आणि वादळातही टिकणारी संपर्कव्यवस्था. मग पडद्यावरचा डॉक्टर. आधी उपकेंद्रातली आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातली मंजूर पदे भरा. मग यंत्र आणा. यंत्र भरलेल्या खुर्चीला मदत म्हणून यावे, रिकाम्या खुर्चीवर झाकण म्हणून नव्हे. आशाताईला कामगाराचा दर्जा द्या आणि यंत्र तिच्या हातात द्या, तिच्या डोक्यावर नव्हे. जे यंत्र वाडीवर वापरायचे ते आधी वाडीवरच्या माणसांवर तपासा आणि अनुसूचित जाती, जमाती, स्त्रिया, मुले यांच्यावर ते किती चुकते याचा अहवाल मराठीत जाहीर करा. यंत्राच्या निदानाखाली डॉक्टरची सही हवीच. चूक झाली तर जाब विचारायला माणूस समोर हवा. आणि आमच्या रक्ताची, छातीची, आजाराची माहिती ही आमची मालमत्ता आहे. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमतीची भाषा बोलतो. अंगठा घेऊन झालेली संमती ही संमती नव्हे. ग्रामसभेत समजेल अशा भाषेत सांगा, मग विचारा.

हे सरकारकडे मागताना आपल्या चळवळीनेही आपला हिशेब द्यावा. १४ एप्रिलला आपण लाखो रुपयांचे डीजे लावतो. त्यातल्या एका रात्रीच्या खर्चात तालुक्यातल्या एखाद्या विहारावर सौर पॅनेल बसते, चार फोन चार्ज होतात, प्राणवायूचे एक यंत्र ठेवता येते. 'निसर्ग' वादळानंतरच्या आठवड्यांत असे एक विहार किती कामाला आले असते, याचा विचार करा. आपली मुले-मुली पुण्या-मुंबईत संगणकाच्या कंपन्यांत आहेत. त्यांनी वर्षातले चार दिवस पेण-रोह्याला द्यावेत. ही प्रणाली काय करते, कुठे चुकते, हे वाडीला समजावून सांगणारा माणूस आपल्यातलाच हवा. माहितीच्या अधिकारात एक अर्ज टाकून आपल्या आरोग्य केंद्रातली किती पदे मंजूर आहेत आणि किती भरली आहेत, हे विचारायला रोबो लागत नाही. दहा रुपयांचा स्टँप लागतो आणि थोडी जिद्द लागते.

शेवटी एकच आठवण. १८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतला एक मुलगा प्लेगने फणफणला होता. त्याला हात लावायला कोणी तयार नव्हते. सावित्रीमाई फुले तिथे गेल्या, त्या पोराला पाठीवर घेतले आणि चालत डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात आणले. पोर वाचले. माईंना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. माईंचा जीव वाचवणारे एखादे यंत्र तेव्हा असते तर आम्ही त्याला साष्टांग नमस्कार घातला असता. आजही घालू. पण ते यंत्र मुंढव्याच्या त्या वस्तीपर्यंत गेले असते का, हा प्रश्न आम्ही आधी विचारू. पेण आणि रोह्याच्या वाड्या आज तोच प्रश्न विचारत आहेत, आणि पुढची साथ येण्याआधी त्यांना उत्तर हवे आहे.

जयभीम!